जिम आणि सायकल एकाच आठवड्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटे समर्थ मंदिरावरून यवतेश्वरकडे वळणाऱ्या सायकली आणि संध्याकाळी पोवई नाक्याकडच्या जिममध्ये वाजणाऱ्या प्लेट्स ही साताऱ्यात पूर्वी दोन वेगळी जगं होती. आता तेच चेहरे दोन्हीकडे दिसतात. मी जिममध्ये सकाळची बॅच घेते आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः सायकल काढते, त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न माझ्याकडे येतात. जे पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

दोन्ही एकत्र केलं तर ताकद वाढत नाही, असं जिममधले म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि ते अर्ध कोणतं हे समजून घेण्यासारखं आहे. १९८० साली अमेरिकेतल्या रॉबर्ट हिक्सन या संशोधकानं १० आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट आठवड्याला ५ दिवस पायांचे जड व्यायाम करत होता. दुसरा गट ६ दिवस सायकल आणि धावणं. तिसरा गट हे सगळंच करत होता. तिसऱ्या गटाची ताकद पहिले सहा-सात आठवडे पहिल्या गटाच्या बरोबरीनं वाढली, मग थांबली आणि शेवटी शेवटी घसरू लागली. दम, म्हणजे न थकता टिकून राहायची क्षमता, मात्र दुसऱ्या गटाइतकाच वाढला.

लोक यातलं "घसरली" एवढंच लक्षात ठेवतात. तिसऱ्या गटाचं वेळापत्रक मात्र कुणी बघत नाही. आठवड्याला ५ दिवस जड स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठका) आणि ६ दिवस दम काढणारी मेहनत, तीही त्याच पायांनी! नोकरी करून असं कुणी जगत नाही. आठवड्याला दोन-तीनदा जिम आणि दोन-तीनदा सायकल एवढ्यावर सामान्य माणसाची ताकदही वाढते आणि दमही. शिवाय धावण्यापेक्षा सायकल जिमच्या आड कमी येते, कारण सायकलवर पाय जमिनीवर आपटत नाहीत आणि स्नायूंची मोडतोड कमी होते. आड येतो तो थकवा. ठणकणाऱ्या, रिकाम्या पायांनी स्क्वॉटच्या रॅकखाली उभं राहिलं की वजनही कमी उचललं जातं आणि ढबही बिघडते. पायांची जोडी एकच आहे, तिला दोन्ही कामं करायची आहेत. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

मग आठवडा कसा लावायचा?

सोमवार ते शनिवार कामावर जाणाऱ्यांना मी असा आठवडा लावून देते. मंगळवारी जिम, आणि पायांचा जड व्यायाम त्याच दिवशी. बुधवारी ४५ मिनिटं सायकल, पण इतकी सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. गुरुवारी सायकलवरच थोडी मेहनत: १५ मिनिटं पाय मोकळे करायचे, मग ४ मिनिटं जोरात आणि ३ मिनिटं सावकाश असे चार फेरे. शुक्रवारी पुन्हा जिम, या वेळी छाती, पाठ, खांदे आणि पायांचं अगदी हलकं काम. शनिवारी व्यायामाला सुट्टी. रविवारी लांबची राइड. सोमवारी पुन्हा सुट्टी, आणि ही सुट्टी मोडायची नाही.

जड पाय मंगळवारीच का? जड स्क्वॉटनंतरचा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. रविवारच्या राइडसाठी पाय ताजे हवेत आणि रविवारचा थकवा मंगळवारपर्यंत उतरलेला हवा. मी स्वतः काही वर्षं उलटं करत होते: शुक्रवारी संध्याकाळी जड स्क्वॉट, शनिवारी पहाटे घाट. तरुण होते, चालून जात होतं. मग एका ऑक्टोबरमध्ये उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं आणि साधा जिना उतरायचीही भीती वाटायला लागली. तीन आठवडे दोन्ही बंद ठेवावं लागलं. व्यायाम एकही चुकीचा नव्हता, त्यांचा क्रम चुकला होता. म्हणून वेळापत्रकाबद्दल मी इतकी हट्टी आहे.

दर चौथ्या आठवड्यात जिममधले सेट (प्रत्येक व्यायामाच्या फेऱ्या) निम्मे करा आणि रविवारची राइड तिसऱ्या हिश्शानं कमी करा. या आठवड्यात आपण मागे पडतोय असं वाटेल. वाटू दे.

एकाच दिवशी दोन्ही करायची वेळ आली तर आधी काय?

ज्यात सुधारणा हवी आहे ते आधी. ताकद वाढवायची असेल तर आधी जिम. पुढच्या महिन्यात मोठी राइड असेल तर आधी सायकल. जमलं तर मध्ये सहा तास जाऊ द्यात आणि त्या वेळात नीट जेवा. सकाळी सायकल, संध्याकाळी जिम हे बहुतेकांना जमतं. लागोपाठच करायचं असेल तर सायकल सावकाश ठेवा. घाट चढून थेट डेडलिफ्टला (जमिनीवरून जड बार उचलायच्या व्यायामाला) जाऊ नका, दमलेली कंबर वाकते कधी ते कळत नाही.

सायकल चालवतो म्हणजे पायांचा व्यायाम झालाच. लेग डे कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि याचं उत्तर मी सगळ्यात कळकळीनं देते.

सायकलवर पाय एका ठरावीक चाकोरीत फिरतो. गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि पूर्ण दुमडतही नाही. मांडीचा पुढचा भाग राबतो, मागचा भाग आणि नितंब त्या मानानं कमी. आडवं किंवा वळून काहीच नाही. आणि प्रत्येक पेडलला लागणारा जोर तसा थोडाच असतो, फक्त तो हजारो वेळा लावावा लागतो. त्यातून दम तयार होतो, पण तेवढ्यानं ताकद वाढत नाही.

दुसरी गोष्ट हाडांची, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्षच नसतं. हाड भक्कम राहतं ते त्याच्यावर भार पडला तर. सायकलवर आपलं वजन सीट तोलते, पाय नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवणाऱ्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता कमी आढळते, अगदी व्यावसायिक सायकलपटूंमध्येही. बायकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात. जड वजन उचलणं, जिने चढणं, भरभर चालणं, यांनी ती उणीव भरून निघते. अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी चालत जाणारे आपल्या हाडांसाठी फार मोलाचं काम करतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा सल्लाही दोन्ही मिळून आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनतीचा व्यायाम, आणि त्याशिवाय किमान २ दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. सायकलनं पहिला हिस्सा होतो. दुसरा राहून जातो.

जिममध्ये नेमके कोणते व्यायाम करू?

थोडे आणि जड. स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (यात गुडघे किंचितच वाकवून कंबरेतून झुकायचं, मांडीच्या मागे ताण आला पाहिजे), एका पायावरचा स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक), डंबेल किंवा केबलनं ओढायचा रो, एक ढकलायचा व्यायाम आणि प्लँक (कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ, ताठ धरून ठेवणं). प्रत्येकी ३ सेट, ५ ते ८ रेप्स, म्हणजे एका सेटमध्ये तो व्यायाम ५ ते ८ वेळा. सेट संपताना अजून दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटलं की वजन बरोबर आहे.

"सायकलवाल्यांनी हलकं वजन घेऊन वीस-वीस रेप्स माराव्यात" असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. वीस रेप्सचं काम सायकल करतेच आहे. जिममध्ये जायचं ते सायकल जे देऊ शकत नाही ते मिळवायला.

एका पायावरच्या व्यायामाचा आग्रह मी मुद्दाम धरते. पेडल मारताना दोन्ही पाय आळीपाळीनं एकटेच राबतात, आणि बहुतेकांचा एक पाय आळशी असतो. स्प्लिट स्क्वॉटमध्ये तो पहिल्याच दिवशी उघडा पडतो.

जिमची फी परवडत नाही. जोर-बैठकांवर भागेल का?

भागेल, आणि यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्या भागातल्या तालमींनी हौद्यातल्या मातीत, जोर-बैठकांवर पैलवान घडवले आहेत.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. बैठकांची संख्या वाढवत नेली की काही आठवड्यांनी तोही दमाचाच व्यायाम होतो. म्हणून संख्या न वाढवता भार वाढवा. पाठीवरच्या सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरा, किंवा एक पाय मागे ओट्यावर ठेवून दुसऱ्या पायावर बैठका मारा. दुसरं असं की जोरांत ढकलणं आहे, ओढणं नाही. हँडलवर तासन्‌तास वाकून बसणाऱ्याला पाठीचं काम हवंच. दाराच्या चौकटीला बसणारा बार किंवा झाडाची भक्कम फांदी मिळाली की पुलअप्स होतात. पुलअप निघत नसेल तर वर उडी मारून लटका आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली या.

घाट कधीपासून चढू?

सपाटीवर न थांबता दीड तास सायकल चालली, तीही दम न लागता, की घाटाचा विचार करा. सुरुवातीला संगम माहुली किंवा कोरेगाव रस्ता बरा. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीपर्यंत जाऊन येणंही छान. विहिरीच्या पायऱ्या उतरून गारव्यात दहा मिनिटं बसलं की परतीचा रस्ता हलका वाटतो.

पहिला घाट यवतेश्वरचाच घ्या, पण कासपर्यंत जायचा हट्ट धरू नका. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर आहे, कासचं पठार १,२०० मीटरच्या आसपास. म्हणजे साडेचारशे मीटरहून जास्त उंची, आणि तिचा मोठा वाटा सुरुवातीच्या घाटातच. ७५ किलोचा माणूस आणि १२ किलोची सायकल एवढं ओझं तिथवर नेण्यात, चढाचाच हिशोब केला तर, शरीर साधारण चारशे कॅलरी खर्च करतं. रस्त्याचं अंतर आणि वारा त्याहून वेगळा. याच हिशोबानं ५ किलो वजन उतरलं तर चढाचं काम सुमारे ६ टक्क्यांनी हलकं होतं. हजारो रुपये घालून दोनशे ग्रॅम हलकी चाकं बसवण्याआधी हे लक्षात घ्या.

घाटाच्या पायथ्यालाच सगळ्यात हलका गिअर टाका. पहिल्या वळणापर्यंत आपण फारच हळू चाललोय असं वाटलं पाहिजे. पेडलचे मिनिटाला ६५-७० फेरे पडले तरी बास, सपाटीवर मात्र ८०-९० ठेवा. सज्जनगडाचा रस्ता पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. परळीकडून वर जातानाचा चढ दमलेल्या पायांची चांगलीच परीक्षा घेतो.

सायकलनं गुडघे जातात का?

सायकलनं जात नाहीत, चुकीच्या उंचीच्या सीटनं जातात. साताऱ्यात निम्म्या सायकलींची सीट खाली असते, कारण बसल्या बसल्या पाय टेकले की सुरक्षित वाटतं. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्याला हवा तेवढा हलका बाक आपोआप येतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा गिअर फार जड आहे. मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट वर आहे. बदल एका वेळी अर्धाच सेंटिमीटर करा आणि दोन राइड्स वाट बघा. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा रात्री दुखत असेल तर अंदाज न बांधता डॉक्टरांना दाखवा.

कंबर आणि मान धरते.

हँडल लांब पडत असेल, नाहीतर पोटाचे आणि पाठीचे स्नायू कमजोर असतील. प्लँक आणि रो नियमित करा, दर वीस मिनिटांनी सीटवरून उठून काही पेडल उभ्यानं मारा, कोपर किंचित वाकवलेले ठेवा.

पोट कमी होईल का?

होईल, जेवण सांभाळलंत तर. रविवारी ५० किलोमीटर मारून आल्यावर चार वडापाव खाल्ले की हिशोब परत तिथेच येतो, कारण एका वडापावात तीनेकशे कॅलरी सहज असतात. सायकल कॅलरी खर्च करते आणि जिम स्नायू टिकवतं, म्हणून वजन उतरवताना दोन्ही हवीत. नुसत्या सायकलनं आणि उपासानं काटा खाली येतो, पण चरबीबरोबर स्नायूही जातात.

खायचं काय? आमच्या घरात भाजी-भाकरीच असते.

भाजी-भाकरी उत्तमच आहे, फक्त प्रथिनं मोजून बघा. व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोच्या माणसाला १.५ च्या हिशोबानं ९७-९८ ग्रॅम. आकडा ऐकून लोक घाबरतात, म्हणून घरच्याच ताटात बसवून दाखवते. सकाळी ३ अंडी आणि एक ग्लास दूध, २६ ग्रॅमच्या आसपास. दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि वाटीभर दही, २६-२७. संध्याकाळी ४० ग्रॅम शेंगदाणे, १०. रात्री दोन पोळ्या, आमटी आणि ४० ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी, ३५ च्या आसपास. झाले ९७. अंडी चालत नसतील तर पनीर, फुटाणे, जास्तीचं दही. कराडकडचा आख्खा मसूर हाही मोठा आधार आहे, फक्त वरचा तेलाचा तवंग बाजूला काढा.

राइड तासाभराची असेल तर पाणी पुरतं. त्याहून लांब असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जाऊ द्यात. एक मोठं केळं साधारण २५-३० ग्रॅम देतं. राजगिऱ्याचा लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की खिशात मावतात. बाटलीत लिंबू, मीठ, साखर घाला. भूक लागायच्या आधी खा. भूक लागल्यावर खाल्लेलं पायांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तोवर चढ संपलेला नसतो. कंदी पेढा? राइड संपल्यावर एक, आनंदानं.

प्रोटीन पावडर आणि क्रिएटिन घेऊ का?

पावडर म्हणजे सुकवलेलं अन्न. ताटात प्रथिनं पुरत असतील तर गरज नाही, पुरत नसतील तर सोय म्हणून घ्या. क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर जड व्यायामात फायदा होतो हे चांगलं तपासलं गेलं आहे. त्यानं शरीरात पाणी धरून वजन एखाद-दोन किलो वाढतं, ते घाटात जाणवू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच नको. पटकन अंग भरवणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या डब्यांना हात लावू नका.

आम्ही सांगलीचे. घाटच नाही, मग?

सपाटीवर घाट तयार करता येतो. जरा जड गिअर टाका, सीटवरून न उठता मिनिटाला ५५-६० फेऱ्यांवर ५ मिनिटं दाबून चालवा, ५ मिनिटं मोकळी. असे चार फेरे. समोरून वारा असेल तर तोही चढच समजा. हे करताना गुडघ्याला जराही टोचलं तर गिअर हलका करा. कधीतरी मिरजेच्या पुढे दंडोबाच्या डोंगराकडे जाऊन या. आणि सांगलीत एक गोष्ट साताऱ्याहून सोपी आहे: तिथे वेटलिफ्टिंग शिकवणारी माणसं आहेत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवणारा संकेत सरगर सांगलीचाच. अशा ठिकाणी महिनाभर जाऊन बार उचलायची पद्धत शिकून घ्या, ती जन्मभर पुरते.

पावसाळ्यात आणि उसाच्या दिवसांत काय करायचं?

पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात धुकं असतं, शेवाळ असतं, वरून सुटे दगडही येतात. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये मी लोकांना जिममध्ये तिसरा दिवस वाढवायला आणि तिथल्याच सायकलवर गुरुवारचे फेरे मारायला सांगते. ताकद वाढवायला वर्षातला हा सगळ्यात चांगला काळ. उघडीप मिळाली तर जवळपास एक चक्कर मारा, आणि घरी आल्यावर चेन पुसून तेल द्या. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी कासचा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. तेव्हा मधल्या वारी जा.

उसाचा हंगाम मला पावसापेक्षा जास्त धास्तीचा वाटतो. पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जात असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. उभी ट्रॉली तर दहा फुटांवर आल्याशिवाय दिसत नाही. नोव्हेंबर ते मार्च उजाडल्याशिवाय निघू नका. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, हेल्मेट डोक्यावर, कानात हेडफोन नाही.

आई ५८ वर्षांची आहे, थोडं बीपी आहे. तिला यातलं काही जमेल का?

जमेल. आधी डॉक्टरांना दाखवून बीपी आटोक्यात आहे ना ते बघा. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर लगेच थांबायचं, हे तिला आणि घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा. श्वास कोंडला की बीपी त्या क्षणी उसळतं.

सुरुवात खुर्चीवरून. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं, ८ वेळा, तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. सोपं झालं की दोन्ही हातांत एक-एक लिटरची पाण्याची बाटली. पाठीसाठी खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून ओढायचा. सायकल आधी जिममधली, १० मिनिटं, मग रोज थोडी वाढवत २५ पर्यंत. बाहेरची सायकल घ्यायची असेल तर पुढे दांडी नसलेली, म्हणजे साडी किंवा पंजाबी ड्रेसवर सहज चढता-उतरता येईल. माझ्या बॅचला या वयाच्या काकू येतात. दोन-तीन महिन्यांत त्या भरलेली कळशी पूर्वीपेक्षा सहज उचलतात, आणि जिना चढताना कठड्याला धरलेला हात सुटतो.